कुळागरातला धागा

कोळी धागा फेकत नाही. पिचकारीतून पाणी उडावं तसा धागा त्याच्या पोटातून उडतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते, पण प्रत्यक्षात तो ओढूनच काढावा लागतो. कोळी धाग्याचं टोक फांदीला चिकटवतो आणि स्वतः पुढे चालू लागतो. किंवा खाली लोंबकळतो, मग त्याचं वजनच धागा ओढतं. किंवा विहिरीतून दोर काढावा तसा मागच्या पायांनी ओढत राहतो. कधी हे काम वारा करतो. ओढलं नाही तर धागा तयारच होत नाही, कारण पोटात असतो तो धागा नव्हेच. तिथे असतो दाट, बुळबुळीत द्रव.

गोव्यातल्या फोंडा, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या मिश्र बागांत, पोफळी, केळी, मिरवेली आणि फणसाच्या सावलीत असा धागा काढणारे आणि दुसऱ्याने काढलेला धागा उचलून नेणारे कितीतरी जीव शेजारी शेजारी राहतात. कोळी हा त्यातला फक्त सर्वांत ओळखीचा. किड्यांच्या जगात धागा काढण्याची कला निदान वीस वेळा स्वतंत्रपणे उगम पावली आहे, आणि शरीराच्या वेगवेगळ्या ठिकाणी. कोळ्याचा धागा पोटाच्या मागच्या टोकाकडून येतो. सुरवंटाचा तोंडातून येतो. आंब्याच्या खडबडीत सालीवर पांढुरक्या रेशमी बोगद्यांत राहणारे वेबस्पिनर नावाचे चिमुकले किडे तर पुढच्या पायांनी विणतात. त्यांच्या त्या पायाचं एक पेर फुगलेलं असतं, त्यात धाग्याच्या ग्रंथी ठासून भरलेल्या असतात आणि त्यांचा धागा कोळ्याच्या धाग्याहून पुष्कळच बारीक असतो. सालीवर हात फिरवल्यासारखे ते पुढचे पाय फिरवतात आणि एका फेरीत अनेक धाग्यांचा पातळ पडदा तयार होतो.

द्रवाचा धागा होतो कसा

हा द्रव म्हणजे पाण्यात विरघळलेलं प्रथिन. त्याच्या लांबलचक रेणूत दोन तऱ्हेचे भाग आळीपाळीने येतात. काही भाग एकावर एक रचलेल्या पत्र्यांसारखे घट्ट बसू शकतात. मधले भाग गुंतलेल्या सुंभासारखे सैल राहतात. घट्ट भाग धाग्याला ताकद देतात, सैल भाग ताणलं जाण्याची सोय करतात. ग्रंथीत असताना हे रेणू पाण्यात सुटे तरंगत असतात. तिथून बाहेर पडायची नळी वळणावळणाची असते आणि पुढे पुढे अरुंद होत जाते. त्या नळीत द्रवाची आम्लता वाढते, क्षारांचं प्रमाण बदलतं, पाणी शोषून घेतलं जातं, आणि बाहेरून बसणाऱ्या ओढीमुळे रेणू एका दिशेत सरळ होतात. ते सरळ झाले की घट्ट भाग एकमेकांना पकडतात आणि धागा घन होतो. एकदा घन झाला की पाण्यात पुन्हा विरघळत नाही.

नायलॉनचा धागा काढायला कारखान्यात तो दोनशे अंशांच्या वर तापवून वितळवावा लागतो. कोळी हेच काम कुळागरातल्या हवेच्या तापमानाला करतो.

‘कोळ्याचा धागा पोलादाहून पाचपट मजबूत’ हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते वजनाला वजन लावून केलेल्या तुलनेचं आहे, जाडीला जाडी लावून नव्हे. एकाच जाडीचा चांगल्या पोलादाचा तार आणि कोळ्याचा लोंबकळायचा धागा घेतला, तर दोघे साधारण सारखाच भार पेलतात. पण धागा वजनाला पोलादाच्या सहाव्या हिश्शाएवढाच असतो, आणि मुख्य म्हणजे तुटण्याआधी तो ताणला जातो. उडत्या भुंग्याची धडक बसते तेव्हा हा ताणच कामी येतो. पोलादाचा तितकाच बारीक तार तटकन तुटेल, धागा ती धडक जिरवून टाकतो.

शिवाय ‘कोळ्याचा धागा’ असा एकच धागा नसतो. चक्राकार जाळं विणणाऱ्या मादीच्या पोटात सात प्रकारच्या ग्रंथी असू शकतात. लोंबकळायचा आणि जाळ्याची चौकट बांधायचा धागा एका ग्रंथीतून येतो. कच्च्या चौकटीचा दुसरीतून, फिरक्यांचा लवचीक धागा तिसरीतून, त्यावरचा गोंद चौथीतून. सांधे चिकटवायचं सिमेंट वेगळं, भक्ष्य गुंडाळायच्या पट्ट्या वेगळ्या, अंड्यांच्या पिशवीचा धागा वेगळा. फिरकीचा धागा मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी टिकतो. चौकटीचा तेवढा ताणला जात नाही, आणि जाऊनही चालणार नाही. चौकटच सैल पडली तर जाळं काय धरणार?

चक्र विणण्याचा क्रम

एकदा संध्याकाळी सातच्या सुमाराला पोफळींच्या रांगेत टॉर्च घेऊन उभं राहिलात तर हा सगळा क्रम बघायला मिळतो. टॉर्च समोरून धरू नका, बाजूने तिरका धरा, म्हणजे धागे चमकतात.

आधी कोळी उंच जागी बसून पोट वर उचलतो आणि एक हलका धागा वाऱ्यावर सोडतो. तो पलीकडे कुठेतरी अडकला की ओढून बघतो, ताठ करून चिकटवतो आणि त्यावरून जात-येत आणखी धागे टाकून पूल जाड करतो. मग पुलाच्या मधोमध येऊन एक सैल धागा सोडतो आणि त्यावरून खाली उतरतो. आता इंग्रजी वायसारखा आकार होतो, त्याचा सांधा हेच जाळ्याचं केंद्र. तिथून चाकाच्या आऱ्यांसारखे धागे चौकटीपर्यंत जातात. आरे झाले की केंद्राकडून बाहेर एक विरळ, न चिकटणारी फिरकी टाकली जाते. ही परांची. शेवटी बाहेरून आत येत चिकट फिरकी दाटीने घातली जाते आणि जाता जाता परांची कापून खाल्ली जाते. मध्यम आकाराच्या जाळ्याला वीसेक मीटर धागा लागतो आणि सगळं तासाभरात उरकतं. असं जाळं विणणाऱ्या बहुतेक जाती हे डोळ्यांनी बघून करत नाहीत. पायांनी धाग्यांचा ताण आणि अंतर चाचपत काम चालतं.

कोळी स्वतःच्या जाळ्यात का अडकत नाही, याची तीन उत्तरं एकत्र घ्यावी लागतात. तो शक्यतो आऱ्यांवरून चालतो आणि आरे चिकट नसतात. चिकट फिरकीला पाय लागलाच तर पायावरचे केस आणि त्यांवरचा लेप यामुळे गोंद फार धरत नाही. आणि पाय उचलताना तो झटका देत नाही, गोंदाचा थेंब केसांवरून हळूच निसटेल अशा बेताने काढतो.

पावसात गोंदाचं काय होतं

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हा प्रश्न महत्त्वाचा. चिकट फिरकीवरचा गोंद सलग लेपासारखा नसतो, माळेतल्या मण्यांसारखे त्याचे सूक्ष्म थेंब असतात. त्या थेंबांत चिकट प्रथिनाबरोबर हवेतलं पाणी ओढून घेणारे क्षार असतात. ओलावा मिळाला की गोंद मऊ पडतो, पसरतो आणि किड्याच्या अंगावर नीट बसतो. हवा कोरडी झाली की थेंब आकसतात, गोंद कडक होतो. हवा फारच दमट झाली तर तो पातळ होऊन पकड सोडतो. म्हणून वेगवेगळ्या जातींचा गोंद आपापल्या राहत्या जागेच्या दमटपणाला जुळलेला आढळतो. व्हाळाकाठच्या (ओढ्याकाठच्या) कोळ्याचा गोंद आणि उघड्या सड्यावरच्या कोळ्याचा गोंद एकसारखा वागत नाही.

मुसळधार पाऊस मात्र थेंबांमधले क्षार धुऊन नेतो. मग जाळं दिसायला शाबूत राहतं, पण पकड गेलेली असते. अनेक कोळी असं जाळं गुंडाळून खाऊन टाकतात. खाल्लेल्या प्रथिनाचा बहुतांश भाग काही वेळातच नव्या धाग्यात परत येतो. सकाळी रिकामा दिसणारा कोपरा संध्याकाळी पुन्हा विणलेला दिसतो तो यामुळे.

चौकटीच्या धाग्याची आणखी एक गंमत आहे. सुटा धागा भिजवला तर तो आखडतो, काही जातींत निम्म्यापर्यंत. जाळ्यात तो दोन्ही टोकांनी बांधलेला असल्यामुळे आखडू शकत नाही, त्याऐवजी ताठ होतो. दवाच्या थेंबांच्या वजनाने जाळं लोंबू नये यासाठी याचा उपयोग होतो, असं अभ्यासक मानतात. दव पडलेल्या सकाळी जाळी इतकी ताणलेली, रेखीव दिसतात त्यात या गुणाचा वाटा असावा.

माटोळीच्या वाटेवरची सोनेरी जाळी

चवथीच्या आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-पानांच्या सजावटीचं, सामान आणायला रानात शिरणाऱ्यांच्या तोंडावर हमखास येतं ते जाळं नेफिला पिलिपेस या कोळ्याचं. मादीचं शरीर 3 ते 5 सेंटिमीटर, आणि पाय धरले तर तळहाताहून मोठी. नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. तो तिच्याच जाळ्यात वरच्या बाजूला बसलेला असतो आणि पुष्कळांना तो वेगळाच कोळी वाटतो. जाळं मीटरभर रुंद, कधी त्याहून मोठं, आणि त्यावर ऊन पडलं की धागा हळदीसारखा पिवळा दिसतो. हा पिवळेपणा धाग्याच्या आतलाच रंग आहे, उन्हाची करामत नव्हे.

एवढं मोठं जाळं रोज खाऊन पुन्हा विणणं परवडत नाही. त्यामुळे नेफिला एका वेळी जाळ्याचा थोडा भाग बदलते आणि इतर कोळी जी परांची खाऊन टाकतात ती ही कायम ठेवते. बारकाईने पाहिलं तर तिच्या जाळ्यात चिकट फिरक्यांच्या मधून मधून न चिकटणाऱ्या फिरक्याही दिसतात, वहीच्या पानावर आखलेल्या ओळींसारख्या. मागे-पुढे धाग्यांचं अस्ताव्यस्त कुंपण असतं. त्या कुंपणात पाऱ्याच्या थेंबांसारखे चमकणारे बारके कोळी दिसले तर ते आर्गिरोडस. ते फुकटे पाहुणे. मालकिणीने सोडलेली चिलटं उचलतात आणि कधी तिच्या जाळ्याचा धागाच खाऊन टाकतात.

या कोळ्याला घाबरून काठीने जाळं फाडू नका. मादी माणसावर चाल करून येत नाही. हातात दाबली तर चावते, दुखतं, पण माणसाला धोका नाही. जाळं वाटेवर आडवं असेल तर एका बाजूचे चौकटीचे दोन-तीन धागे काठीने सोडवा आणि ती बाजू उचलून दुसऱ्या झाडाला टेकवा. मादी वर पळून बसते आणि नंतर वाट सोडून बांधते. चौकटीचा सगळ्यात वरचा धागा मात्र ठेवा. तो टाकायला तिला सर्वांत जास्त खटपट करावी लागते.

याच्या धाग्याचं कापड होतं का? होतं. मादागास्करच्या नेफिलांच्या धाग्यापासून विणलेला सोनेरी अंगरखा 2012 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मांडला होता. त्यासाठी बारा लाखांहून अधिक माद्या पकडून, धागा काढून, पुन्हा सोडून द्याव्या लागल्या. रेशमाच्या किड्यासारखे कोळी एकत्र पाळता येत नाहीत, ते एकमेकांना खातात. धंदा अडतो तो इथेच.

नेफिलाहून लहान, पण तिच्याइतकाच देखणा कोळी म्हणजे अर्जिओपी. जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची फुली, आणि त्या फुलीवर दोन-दोन पाय जोडून बसलेली मादी. ही फुली कशासाठी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ती अतिनील प्रकाश परावर्तित करून किड्यांना खेचते असं काही प्रयोग सांगतात. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि ते त्यात शिरू नयेत म्हणून, असंही एक उत्तर आहे. एकाच जातीतली एखादी मादी पूर्ण फुली घालते, दुसरी अर्धी, तिसरी घालतच नाही. उत्तर जातीजातीनुसार आणि परिस्थितीनुसार बदलत असणार, हेच मला पटतं.

गोठ्यात, पडवीच्या आढ्याला आडवी जाळी करणारे युलोबोरिड कोळी मात्र नीट पाहण्यासारखे आहेत, कारण त्यांना विषाची ग्रंथीच नसते. ते भक्ष्याला चावून मारू शकत नाहीत, म्हणून नुसतं गुंडाळत राहतात. यांच्या एका जातीने एका भक्ष्याभोवती 140 मीटरपर्यंत धागा गुंडाळल्याचं मोजलं गेलं आहे. गुंडाळी इतकी आवळली जाते की भक्ष्याचे पाय मोडतात.

हुमले: पोरांचा धोटा

आंब्याच्या, काजूच्या झाडावर हिरवी पानं जोडून केलेला फुटबॉलएवढा गोळा दिसला की गोव्यात कुणालाही सांगावं लागत नाही, हुमले! या तांबड्या मुंग्यांनाच काही ठिकाणी ओंबील म्हणतात. शास्त्रीय नाव इकोफिला स्माराग्डिना. पानं जोडणारा पांढरा कागदासारखा पदार्थ म्हणजे धागाच, पण मोठ्या हुमल्याला धागा काढता येत नाही. तो येतो फक्त अळीला.

घरटं बांधताना आधी एक हुमला एका पानाच्या कडेवर मागचे पाय रोवतो आणि जबड्याने शेजारच्या पानाची कड पकडतो. शेजारी दुसरा, तिसरा, अशी रांगच लागते आणि सगळे एकदम मागे ओढतात. अंतर एकाच्या अंगाहून जास्त असेल तर एक दुसऱ्याच्या कमरेला धरतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि साखळी होते. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी ओढू लागल्या की पान वळतं. पानं जवळ आली की आतून दुसरे कामकरी वाढ पुरी होत आलेल्या अळ्या जबड्यात धरून आणतात. कामकरी अळीचं तोंड एका पानाच्या कडेला टेकवतो, धागा चिकटला की तिला पलीकडच्या कडेला नेऊन टेकवतो, परत अलीकडे. हातमागावरचा धोटा जसा ताण्यातून ये-जा करतो तशी ती अळी ये-जा करते. मिशांचे हलके ठोके दिले की ती धागा सोडते. तिची स्वतःची हालचाल फारशी नसते, निश्चल राहणं हेच तिचं काम.

हुमल्यांच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक मुंग्यांच्या अळ्या हा धागा स्वतःच्या कोशासाठी राखून ठेवतात. हुमल्याची अळी तो सगळा घरट्याला देऊन टाकते, आणि पुढची अवस्था कोशाशिवाय, उघडीच काढते. घरट्याच्या भिंतीच तिचा कोश.

पानं सुकली की घरटं सोडून नवं बांधतात, म्हणून एका वसाहतीची अनेक घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात. मोठ्या वसाहतीत लाखो कामकरी असतात आणि राणी एकच, कुठल्या तरी एकाच घरट्यात.

काजू बागायतदारासाठी ही माहिती नुसती नवलाची नाही. पालवीच्या आणि मोहोराच्या दिवसांत ढेकण्या नावाचा किडा कोवळे शेंडे, मोहोर आणि लहान बियांतला रस शोषतो, तिथे काळे डाग पडतात आणि शेंडा वाळतो. हुमले ज्या झाडावर दाटीने फिरतात तिथे ढेकण्या टिकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काजूवर याचे पद्धतशीर प्रयोग होऊन हे दिसून आलं आहे, आणि चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांसाठी हुमल्यांची घरटी बाजारात विकली जात असल्याचा उल्लेख इसवी सन 304 च्या म्हणून मानल्या जाणाऱ्या ग्रंथात आहे. किडीविरुद्ध कीड वापरण्याची ही सर्वांत जुन्या लिखित नोंदींपैकी एक.

हे बागेत करायचं तर कुठे चुकतं तेही माहीत हवं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दोन वसाहतींचे हुमले एकाच जागी आणणं. ते ढेकण्या सोडून एकमेकांशी लढतात आणि आठवड्याभरात दोन्ही खिळखिळ्या होतात. कोणती झाडं एका वसाहतीची हे ओळखायला एका झाडावरचे दहाबारा हुमले पानासकट दुसऱ्या झाडाच्या फांदीवर सोडा. एकाच घरचे असतील तर मिशा लावून पुढे निघतात. परके असतील तर लगेच पाय पकडून ओढाताण सुरू होते, पोट वर उचललं जातं. एका वसाहतीच्या झाडांमध्ये सुंभाची दोरी बांधून पूल करून द्या, म्हणजे ते जमिनीवर न उतरता पसरतात. वेगळ्या वसाहतींच्या झाडांच्या एकमेकांत शिरलेल्या फांद्या छाटा. घरटी हलवायची असतील तर ती एकाच वसाहतीची हवीत आणि राणीचं घरटं त्यात आलं पाहिजे. राणी नसलेली वसाहत काही दिवस जोरात दिसते आणि मग आटत जाते. सरसकट कीटकनाशक फवारलंत तर पहिले मरतात ते हुमले.

तोटाही सांगायला हवा. हुमले पिठ्या ढेकणांना आणि खवले किडींना त्यांच्या गोड स्रावासाठी सांभाळतात, त्यामुळे काही फांद्यांवर चिकटा आणि काजळी वाढते. चावा तर विसरण्यासारखा नसतोच. जबड्याने कातडी फाडून ते त्यावर फॉर्मिक आम्ल सोडतात. आंबे उतरवणाऱ्याला याचा खरा त्रास. काजूत तो कमी, कारण आपल्याकडे बोंडू झाडावरून काढत नाहीत, खाली पडलेले वेचतात.

हुमल्यांच्या फौजेत कोळीही लपलेले असतात. मिर्माप्लाटा हा उड्या मारणारा कोळी हुबेहूब हुमल्यासारखा दिसतो. पुढचे पाय मिशांसारखे हलवत तो त्यांच्याच फांदीवर फिरतो, म्हणजे हुमल्यांना टाळणारे पक्षी आणि किडे त्यालाही टाळतात. ओळखायची खूण सोपी आहे: पाय मोजा. सहा असतील तर हुमला. हुसकावलं की धाग्यावरून खाली लोंबकळला, तर कोळी. हुमला धाग्यावर कधीच लटकत नाही.

उसन्या धाग्यावरचे संसार

पक्ष्यांना धागा काढता येत नाही, पण लहान पक्ष्यांपैकी कितीतरी जणांचं घर कोळ्याच्या धाग्यावाचून उभंच राहणार नाही.

शिंपी आधी पानाची निवड करतो. पान रुंद हवं, कोवळं नको, देठ मजबूत हवा. मादी चोचीच्या टोकाने पानाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं पाडते. भोक इतकं लहान असतं की पान तपकिरी पडत नाही. हिरवं राहतं आणि घरटं झाडीत दिसत नाही. मग कापसाचा तंतू, सालीचा धागा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा पिळा भोकातून पलीकडे ढकलते. आपण शिवतो तसा तो धागा सलग नसतो. प्रत्येक टाका सुटा, आणि भोकाबाहेर आलेलं टोक फुलून गोळा होतं, त्यामुळे मागे सरकत नाही. म्हणजे हे शिवण कमी आणि रिव्हेट मारणं जास्त. एका घरट्याला असे दीडशे-दोनशे टाके असू शकतात. आतली कापसाची गादी वेगळी.

शिंजिराचं लोंबतं बटव्यासारखं घरटं तर जवळजवळ जाळ्यावरच तोललेलं असतं. गवत, सालीचे कपचे, सुरवंटाची विष्ठा हे सगळं कोळिष्टकात गुंतवलेलं असतं. धाग्याची लवचीकता इथे कामाला येते: पिल्लं वाढतात तसा बटवा फुगतो, फाटत नाही. लांबून ते वाऱ्याने अडकलेल्या कचऱ्यासारखं दिसतं, आणि तेच हवं असतं.

लांब बाकदार चोचीचा छोटा कोळीखाऊ पक्षी केळीच्या पानाच्या खालच्या बाजूला घरटं टांगतो. कोळ्याचे धागे तो पानाला टोचून वर काढतो, वर त्यांच्या गाठोळ्या होतात आणि घरटं पानाला लटकून राहतं. पानाच्या वरच्या बाजूला पांढरे ठिपके रांगेत दिसले तर खाली वाकून बघा आणि मगच कोयता चालवा. जुनी पानं साफ करताना हीच घरटी सर्वांत जास्त जातात, कारण वरून पाहणाऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही.

व्हाळातला ओला धागा

कुळागराच्या कडेने वाहणाऱ्या व्हाळात दगड उलटा करून पाहिलात तर त्याच्या खाली वाळूच्या कणांची, काड्यांची नळकांडी चिकटलेली दिसतील. ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याच्या अळीची. तिने तोंडातून काढलेल्या धाग्याने वाळूचा एकेक कण जोडलेला असतो, तोही वाहत्या पाण्याखाली. ओल्या वस्तूला चिकटणं हे बहुतेक गोंदांना न जमणारं काम. या धाग्यात प्रथिनाला फॉस्फेटचे गट जोडलेले असतात आणि पाण्यातलं कॅल्शियम त्यांना एकमेकांशी बांधतं. कॅल्शियम काढून घेतलं तर धागा लेचापेचा होतो. या गटातल्या काही अळ्या नळकांडं करत नाहीत, दगडांच्या फटीत चक्क मासेमारीची जाळी ताणतात आणि प्रवाहाबरोबर येणारा कचरा-किडे गाळून खातात. यांच्यातल्या बऱ्याच जातींना स्वच्छ, खळाळतं पाणी लागतं. वरच्या अंगाला माती लोटली गेली की जाळी बुजतात आणि अळ्या दिसेनाशा होतात. दगड उलटा केलात तर पाहून झाल्यावर होता तसाच ठेवा.

चवथीच्या साफसफाईत जळमटं काढायची ती घराच्या आतली काढा. बाहेर, वळचणीच्या टोकाला आणि गोठ्यामागे पांढऱ्या कापसाच्या गोळीसारखी अंड्यांची पिशवी असलेली कोळिष्टकं राहू द्या. त्या पिशवीचा धागा लोकरीसारखा असतो, आणि शिंजिराची मादी तो उपटून नेते. विणीच्या दिवसांत ती एकाच वळचणीला दिवसभरात अनेकदा येते, चोचीत पांढरा पुंजका धरून उडते, आणि ती कुठे बसते हे नजरेने धरलंत तर घरटं सापडतं.